फातोर्ड्याला सामने हवेत

ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात जो तो एकच प्रश्न विचारत होता : रोनाल्डो येणार का? एफसी गोवा हा क्लब आशियाई फुटबॉल महासंघाच्या ‘चॅम्पियन्स लीग टू’ या स्पर्धेत सौदी अरेबियाच्या अल नस्रच्या गटात आला होता आणि २२ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर या दोघांची गाठ होती. रोनाल्डो आला नाही. गोवा १-२ असा हरला. तरीही त्या रात्री आपल्या संघाचं कौतुक झालं, कारण दोन गोलांनी मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलानं मध्यंतराआधी एक गोल फेडला आणि उत्तरार्धात सौदी संघाला पुन्हा गोल करता आला नाही. कौतुक रास्तच होतं. पण त्या सामन्याच्या निमित्तानं ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त चर्चा व्हायला हवी होती, ती फारशी कुणी काढलीच नाही. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये जमशेदपूरला ३-० असं हरवून गोव्यानं सुपर कप जिंकला. तेव्हापासून त्या रात्रीपर्यंतच्या साडेपाच महिन्यांत गोव्याच्या मुख्य संघाला खरेखुरे, गुणांसाठी किंवा पुढच्या फेरीसाठीचे सामने मिळाले ते अवघे चार, आणि अल नस्रविरुद्धचा सामना त्यातलाच चौथा.

आशियाई स्पर्धेत भारतीय क्लब का मागे पडतो याची उत्तरं आपण नेहमी समोरच्या संघात शोधतो. त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, त्यांच्याकडे युरोपातले खेळाडू आहेत, त्यांची शरीरयष्टी वेगळी आहे, असं सांगितलं जातं. एफसी गोव्याची गेल्या पाच वर्षांतली आशियाई कामगिरी आणि तिच्या जोडीला मुंबई सिटीची कामगिरी नीट तपासली, तर माझ्या मते वेगळंच चित्र दिसतं. या क्लबांचं आशियातलं भवितव्य मुख्यतः भारतीय फुटबॉलच्या वेळापत्रकात ठरतं. भरपूर सामने खेळून, एका लयीत आलेला भारतीय संघ आशियात गेला तेव्हा त्याला गुण मिळाले. हंगाम सुरू होण्याआधी किंवा हंगामच नसताना गेला तेव्हा तो रिकाम्या हातानं परतला.

आधी स्पर्धेची रचना थोडक्यात. २०२४ पासून आशियाई क्लब फुटबॉलच्या तीन पायऱ्या झाल्या. सगळ्यात वर २४ संघांची चॅम्पियन्स लीग एलिट, तिच्याखाली ३२ संघांची चॅम्पियन्स लीग टू आणि शेवटी चॅलेंज लीग. मधल्या पायरीवर चार-चार संघांचे आठ गट असतात. प्रत्येक संघ सहा सामने खेळतो, तीन घरी आणि तीन बाहेर, आणि गटातले पहिले दोन संघ बाद फेरीत जातात. कोणत्या देशाला किती जागा आणि कोणत्या पायरीवर, हे त्या देशाच्या क्लबांनी मागच्या काही वर्षांत मिळवलेल्या गुणांवर ठरतं. म्हणजे गोव्याचा पराभव एकट्या गोव्याचा राहत नाही, पुढच्या वर्षी जो कोणी भारतीय क्लब जाईल त्याची जागाही त्यानं अवघड होते. नव्या रचनेत भारताची जागा मधल्या पायरीवर गेली. मोहन बागान सुरक्षिततेच्या काळजीपोटी २०२४ मध्ये तब्रीझला आणि २०२५ मध्ये इस्फहानला गेला नाही आणि दोन्ही वेळा महासंघानं त्याला स्पर्धेतून माघार घेतलेला संघ ठरवलं. त्यामुळे सगळा भार गोव्यासारख्या क्लबावर आला.

आता २०२१ कडे वळू. भारतीय क्लब काय करू शकतो हे त्या एप्रिल महिन्याइतकं दुसऱ्या कुठल्याच काळानं दाखवलेलं नाही. २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये गोवा साखळीत पहिला आला होता. १९ फेब्रुवारी २०२० ला जमशेदपूरला ५-० असं हरवून त्यानं ते स्थान पक्कं केलं आणि आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. गट कठीण होता. इराणचा पर्सेपोलिस २०१८ आणि २०२० असा दोनदा अंतिम फेरी खेळलेला. कतारचा अल रय्यान, आणि त्याचा प्रशिक्षक लोराँ ब्लाँ, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रान्स संघातला. तिसरा अबू धाबीचा अल वहदा. करोनामुळे गटाचे सगळे सामने फातोर्ड्याला, रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. गोव्यानं १४ एप्रिलला अल रय्यानला आणि १७ एप्रिलला अल वहदाला गोलशून्य बरोबरीत रोखलं. गोलरक्षक धीरज सिंगचं नाव या दोन सामन्यांनी देशभर झालं. २० एप्रिलला पर्सेपोलिसविरुद्ध चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसची फ्री किक आली आणि एदू बेदियानं ती डोक्यानं जाळ्यात घातली. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबाचा तो पहिला गोल. सामना पर्सेपोलिसनं २-१ असा जिंकला, पुढचा ४-० असा जिंकला, आणि मग २६ एप्रिलला अल रय्यानशी पुन्हा गाठ पडली. होर्खे ओर्तिझनं तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. त्यानंतर जवळजवळ पूर्ण सामनाभर गोव्यानं ती आघाडी राखली आणि सामना संपायला एखाद-दोन मिनिटं उरलेली असताना अल रय्याननं बरोबरी साधली. पहिला विजय थोडक्यात हुकला. तरी तीन गुण घेऊन गोवा गटात तिसरा आला आणि ब्लाँचा अल रय्यान त्याच्या खाली राहिला.

हे कसं जमलं? घरचं मैदान होतं, हे खरं. प्रतिस्पर्ध्यांना आपले प्रेक्षक नव्हते, एप्रिलच्या उकाड्याची गोव्याला सवय होती, हेही मान्य. पण कोपऱ्यात पडून राहिलेली एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तो संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत २२ सामने खेळून आला होता. उपांत्य फेरीचा शेवटचा सामना ८ मार्चला मुंबईविरुद्ध पेनल्टीपर्यंत गेला होता. पाच आठवड्यांची विश्रांती आणि सराव, आणि मग आशिया. बचावपटूंना एकमेकांच्या हालचाली पाठ होत्या, कोण पुढे सरकला की कोणी मागे भरून काढायचं हे सांगावं लागत नव्हतं. गोलशून्य बरोबरी ही अशाच संघाला मिळते. गोल करायला कधी कधी एका खेळाडूची कला पुरते, गोल न होऊ द्यायला मात्र अकरा जणांनी नव्वद मिनिटं एकत्र हलावं लागतं आणि ते अंगात भिनायला सामनेच लागतात.

पुढच्या वर्षी मुंबई सिटीनं हेच आणखी ठळक केलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये रियाधला झालेल्या गटसाखळीत मुंबई साखळीतले २० सामने खेळून उतरली. पहिल्या सामन्यात अल शबाबनं तिला ३-० असं धुतलं. ११ एप्रिलला इराकच्या अल कुव्वा अल जाविया या वायुदलाच्या क्लबाविरुद्ध ती आधी मागे पडली, मग दिएगो मॉरिसियोनं पेनल्टीवर बरोबरी केली आणि राहुल भेकेनं कॉर्नरवर डोक्यानं विजयी गोल केला. आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेत भारतीय क्लबाचा तो पहिला विजय, आणि तो एका मराठी बचावपटूच्या डोक्यातून आला. मुंबईनं गटातल्या चौथ्या संघाला, अल जझीराला, एकदा गोलशून्य बरोबरीत रोखलं, इराकी संघाला दुसऱ्यांदाही हरवलं आणि सात गुणांसह गट दुसऱ्या क्रमांकावर संपवला. अल शबाबकडून मधे सहा गोलांचा मारही खाल्ला, ते विसरून चालणार नाही. पण सात गुण हे सात गुण आहेत.

मग आलं २०२३. महासंघानं स्पर्धेचं वेळापत्रक बदललं आणि गटसाखळी सप्टेंबरमध्ये सुरू झाली. मुंबईकडे या वेळी जास्त पैसा होता, तिनं साखळीत विक्रमी हंगाम खेळला होता, प्रशिक्षक देस बकिंगहॅम तोच होता. कागदावर हा संघ आधीच्यापेक्षा सरस. १८ सप्टेंबरला पुण्याच्या बालेवाडीत इराणचा नस्साजी आला. नस्साजी म्हणजे काही पर्सेपोलिस नव्हे. माझांदरान प्रांतातल्या कायेमशहर या कापड गिरण्यांच्या गावचा हा क्लब, पहिल्यांदाच आशियात उतरलेला. त्यानं मुंबईला २-० असं हरवलं. इराणची लीग ऑगस्टमध्येच सुरू झाली होती, भारताची सुरू व्हायला अजून तीन दिवस होते. मुंबईनं त्याआधी ड्युरँड कपचे चारच सामने खेळले होते. पुढे उझबेकिस्तानच्या नमनगानमध्ये नवबहोरनं तीन गोल केले. उझबेक लीग मार्चपासून चालू असते, म्हणजे नवबहोरचा हंगाम तेव्हा ऐन बहरात होता. अल हिलालनं रियाधला सहा आणि नवी मुंबईत दोन गोल मारले. सहा सामन्यांत मुंबईला एकही गुण मिळाला नाही. नोव्हेंबरमध्ये, गटसाखळी चालू असतानाच, बकिंगहॅम इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला.

इथे पैशाचा आक्षेप येतो आणि तो हलका नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीनं अल नस्र, अल हिलाल, अल इत्तिहाद आणि अल अहली या चार क्लबांची मालकी घेतली आणि खेळाडूंच्या बाजाराचा नकाशाच बदलला. रूबेन नेव्हेस, कूलिबाली, मित्रोविच असलेल्या अल हिलालसमोर कोणत्याही भारतीय क्लबाचं वेळापत्रक कितीही सुधारलं तरी निकाल फार बदलणार नाही, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. गोव्याचंही तसंच झालं. फातोर्ड्याला १-२ अशी झुंज देऊन दोन आठवड्यांत रियाधला गेल्यावर अल नस्रनं त्यांना ४-० असं हरवलं. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की गटात फक्त सौदी क्लबच असतो. गटात चार संघ असतात. बलाढ्य संघाशी होणारे दोन सामने सोडून दिले तरी चार उरतात. त्यातले दोन जिंकले आणि एक बरोबरीत सोडवला की सात गुण होतात आणि २०२२ मध्ये मुंबई तेवढ्याच गुणांवर दुसरी आली होती. भारतीय क्लबाची खरी परीक्षा या चार सामन्यांत असते. २०२५ मध्ये गोवा तिथेच नापास झाला. १७ सप्टेंबरला फातोर्ड्यालाच बगदादच्या अल झवरानं त्याला २-० असं हरवलं आणि १ ऑक्टोबरला ताजिकिस्तानच्या इस्तिकलोलनंही तेवढ्याच फरकानं हरवलं. अल झवराकडे आणि इस्तिकलोलकडे तेलाचे डोंगर नाहीत. ताजिकिस्तान हा मध्य आशियातल्या गरीब देशांपैकी एक, लोकसंख्या कोटीच्या आसपास.

इस्तिकलोलकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण गोव्यानं तुलना करायची तर अशा क्लबाशी करावी. दुशान्बेचा हा क्लब २०१५ आणि २०१७ मध्ये एएफसी कपच्या, म्हणजे तेव्हाच्या दुसऱ्या पायरीवरच्या आशियाई स्पर्धेच्या, अंतिम फेरीत हरला. २०२१ मध्ये तो पहिल्यांदा सर्वोच्च स्पर्धेत उतरला, म्हणजे गोव्याबरोबरच. त्याच एप्रिल महिन्यात त्यानं अल हिलालला ४-१ असं हरवलं आणि बाद फेरी गाठली. २०१४ पासून वर्षानुवर्षं तो आपल्या देशाचा विजेता आहे आणि त्यामुळे जवळजवळ दर वर्षी आशियात खेळतो. त्याच्या संघात राष्ट्रीय संघातले खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र असतात. ताजिकिस्तानची लीग मार्चमध्ये सुरू होते, त्यामुळे १ ऑक्टोबरला गोव्यासमोर उभा राहिलेला इस्तिकलोल सहा महिने खेळत आला होता. गोव्याचा तो मे महिन्यानंतरचा तिसरा सामना होता.

ताजिक खेळाडूच भारतीयांपेक्षा चांगले, असं कोणी म्हणेल. पण त्याच वर्षी २९ ऑगस्टला खालिद जमीलच्या भारतीय संघानं ताजिकिस्तानला त्यांच्याच हिसोर गावच्या मैदानावर २-१ असं हरवलं होतं आणि दोनपैकी एक गोल संदेश झिंगननं, म्हणजे गोव्याच्याच बचावपटूनं केला होता. खेळाडूंच्या दर्जात पार न करता येणारी दरी आहे, हे म्हणणं त्या रात्रीनंतर टिकत नाही. अर्थात हा दाखला माझ्याही विरुद्ध वापरता येतो. भारतातली लीग तेव्हाही बंदच होती, मग राष्ट्रीय संघ कसा जिंकला? राष्ट्रीय प्रशिक्षकाला साऱ्या देशातून निवड करता येते, ड्युरँड कप खेळून तयार असलेले खेळाडू घेता येतात. क्लबाकडे जे आहेत तेच असतात. शिवाय तो एक सामना होता. गटसाखळीत सप्टेंबर ते डिसेंबर तोच संघ, तोच वेग सहा वेळा दाखवावा लागतो.

याहून जास्त विचार करायला लावणारी उदाहरणं गोव्याच्या स्वतःच्या खात्यात आहेत. १३ ऑगस्ट २०२५ ला पात्रता फेरीत त्यांनी फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला २-१ असं हरवलं. अल सीब हा २०२२ चा एएफसी कप विजेता. सामन्यांचा सराव नसतानाही गोवा जिंकलाच ना? मग डिसेंबरमध्ये, लीगचा पत्ता नसताना, ईस्ट बंगालला पेनल्टींवर हरवून त्यांनी सुपर कपही राखला. हे दोन्ही विजय मला खरोखर मोठे वाटतात आणि मानोलो मार्केझ या प्रशिक्षकाची कामगिरी त्यात दिसते. पण दोन्ही वेळी समोरचा संघ काय स्थितीत होता तेही पाहावं. ओमानची लीग ऑगस्टमध्ये सुरू झालेली नसते. सुपर कपमध्ये तर सगळेच संघ गोव्याइतकेच लीगविना होते. सराव दोघांकडेही नसेल तेव्हा गोवा जिंकतो, म्हणजे खेळात तो कमी नाही. सराव फक्त समोरच्याकडे असेल तेव्हा तो हरतो.

सामन्यांच्या संख्येला मी फारच महत्त्व देतोय, असंही कोणाला वाटेल. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात याला एक जबरदस्त अपवाद आहे. २०१६ मध्ये बेंगळुरू एफसीनं एएफसी कपची अंतिम फेरी गाठली, दोहाला अल कुव्वा अल जावियाकडून १-० असा पराभव पत्करला, आणि तेही भारतातली आय-लीग संपून महिने उलटलेले असताना. त्याआधी २००८ मध्ये गोव्याच्याच धेंपो क्लबानं त्या स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली होती. या दोन संघांमध्ये एक समान गोष्ट होती आणि आजच्या क्लबांमध्ये तीच दिसत नाही. बेंगळुरूचा गाभा २०१३ पासून सुनील छेत्रीभोवती बांधलेला होता. आर्मांडो कुलासोच्या धेंपोमध्ये महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी अनेक हंगाम एकत्र होती, एकाच भाषेत बोलत होती, पाच राष्ट्रीय विजेतेपदांच्या काळात एकमेकांच्या शेजारी उभी होती. वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या संघाला काही महिन्यांचा खंड सोसतो. दर उन्हाळ्यात अर्धा संघ बदलणाऱ्याला सोसत नाही, त्याला एकमेकांची ओळख सामन्यांतच करून घ्यावी लागते. २०२१ च्या एप्रिलमध्ये तीन बरोबऱ्या मिळवून देणारा हुआन फेरांडो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेला, आणि त्या हंगामात गोवा लीगमध्ये नववा आला. म्हणून बेंगळुरूचा अपवाद मला मान्य आहे, पण त्यावरून सध्याच्या गोव्याला सामन्यांविना चालेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

परदेशी खेळाडूंच्या नियमाचा मुद्दा थोडक्यात घेतो. २०२१ आणि २०२२ मध्ये आशियात तीन परदेशी अधिक एक आशियाई, एवढेच मैदानावर उतरवता येत. नंतर ती मर्यादा पाच अधिक एक झाली आणि २०२४ पासून ती काढूनच टाकली. भारतीय लीगमध्ये एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात, म्हणून क्लब तेवढ्याच बेतानं संघ बांधतो. यानं तूट वाढली, यात शंका नाही. पण मैदानावरचे उरलेले सात भारतीय किती सामने खेळून आलेत, हा प्रश्न यामुळे आणखी तातडीचा होतो.

आणि त्या सात जणांना सामने मिळतात तरी किती? इराकच्या लीगमध्ये वीस संघ, म्हणजे प्रत्येकाला ३८ सामने. सौदीत ३४. भारतात २०२४-२५ मध्ये तेरा संघ होते आणि साखळीत प्रत्येकी २४ सामने झाले, जो भारताचा चांगला हंगाम म्हणायला हवा. पुढचा हंगाम तर वेळेवर सुरूच झाला नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि त्याची व्यापारी भागीदार कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, नूतनीकरण होईना, म्हणून ११ जुलैला लीग स्थगित झाली. नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. काही क्लबांनी कामकाज थांबवलं. शेवटी लीग सुरू झाली ती १४ फेब्रुवारी २०२६ ला, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच, म्हणजे प्रत्येकी १३ सामने. आशियाई महासंघाची अपेक्षा क्लबाला देशांतर्गत स्पर्धांत किमान २४ सामने मिळावेत अशी आहे. गोव्याच्या खेळाडूंची त्या काळातली मनःस्थिती २४ डिसेंबरला फातोर्ड्यानं पाहिली. इस्तिकलोलविरुद्धचा शेवटचा गटसामना होता. पंचांची शिट्टी वाजली आणि गोव्याचे खेळाडू काही सेकंद जागचे हललेच नाहीत. पायाशी चेंडू, समोर परदेशी संघ, आणि अकरा जण स्तब्ध. देशातल्या फुटबॉलचं काय होणार हे कोणीच सांगत नाही, याचा तो निषेध होता. त्या गटात गोवा तळाला राहिला.

क्लबानं मैत्रीपूर्ण सामने खेळून ही तूट भरून काढावी, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो अर्धाच उपयोगी आहे. मैत्रीपूर्ण सामन्यात प्रशिक्षक तासाभरात आठ खेळाडू बदलतो, दुखापतीच्या भीतीनं बचावपटू टॅकल सोडून देतो, पिवळ्या कार्डाचा धाक नसतो. एका गोलानं पुढे असताना शेवटची पंधरा मिनिटं कशी काढायची, दमलेल्या पायांनी कुठे उभं राहायचं, हे शिकवणारी परिस्थिती तिथे तयारच होत नाही. अल रय्याननं शेवटच्या क्षणी हिसकावलेली बरोबरी आठवली तर लक्षात येईल, की २२ सामने खेळलेल्या संघालाही ते पूर्ण जमलं नव्हतं.

पावसाचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो आपल्याच किनारपट्टीचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मडगाव किंवा अंधेरीच्या मैदानावर नियमित लीग भरवणं सोपं नाही, म्हणूनच आपला हंगाम सप्टेंबरच्या उत्तरार्धाच्या अलीकडे सहसा सरकत नाही. पण हवामान सगळ्यांनाच आहे. जपानच्या उत्तरेकडे हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जातात, तरी जे-लीगनं आशियाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेण्यासाठी २०२६ पासून आपला हंगाम ऑगस्टमध्ये सुरू करायचं आणि मधे हिवाळ्याची सुट्टी घ्यायचं ठरवलं. आपल्याला तर देशाची लांबी-रुंदी मदतीला आहे. ऑगस्टमध्ये बेंगळुरू किंवा चेन्नईत पहिल्या काही फेऱ्या एकत्र खेळवता येतील. २०२०-२१ मध्ये संपूर्ण लीग एकट्या गोव्यात खेळवून झालेलीच आहे, तेव्हा एका ठिकाणी सामने भरवण्याची सवय आपल्याला नवी नाही. खर्चाचा प्रश्न उरतो. तोट्यात चालणाऱ्या क्लबांना लांब हंगाम म्हणजे जास्त पगार, जास्त विमानभाडं. हे दुखणं खरं आहे, पण निम्मं वर्ष पगार देऊन खेळाडूंना बसवून ठेवणंही स्वस्त नाही.

देशाचं वेळापत्रक गोव्याच्या हातात नाही. स्वतःच्या हातात असलेली एक गोष्ट मात्र या क्लबानं करून पाहायला हवी. चॅम्पियन्स लीग टूची पात्रता फेरी ऑगस्टमध्येच असते. गोव्याच्या राज्य लीगमध्ये एफसी गोवा आजवर आपला विकास संघ, म्हणजे तरुण मुलांचा संघ उतरवत आला आहे. ज्या वर्षी आशियात जायचं असेल त्या वर्षी गोवा फुटबॉल असोसिएशनशी बोलून या लीगच्या पहिल्या पाच-सहा फेऱ्या जुलैत घ्याव्यात आणि त्यात मुख्य संघ उतरवावा. समोर धेंपो असेल, चर्चिल ब्रदर्स असेल, साळगावकर, स्पोर्टिंग असेल. दर्जात फरक असेल, पण गुण असतील, पंच असतील, कार्डं असतील आणि एफसी गोव्याला हरवायला जिवाचं रान करणारे गोव्याचेच खेळाडू असतील. मग ऑगस्टमधला सामना हा हंगामातला पहिला सामना राहणार नाही.